एक जूनची माणसं

७ जुलै २०२५, सोमवार

आज चौघांना काढलं. अकराला मीटिंग, साडेअकराला चौघं टेबलाचे खण रिकामे करत होते. अकरा माणसांची कंपनी, आता सात. मी राहिले. का राहिले ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही — भीती!

इंद्रजीत सर म्हणाले, "इथून पुढं कोड कुणी हातानं लिहायचा नाही. एआय लिहील. आपण त्याला नीट सांगायचं आणि त्यानं केलेलं तपासायचं. ही नवी स्किल्स. ज्याला जमेल तो टिकेल." कंपनी त्यांची, त्यामुळं शेवटचा शब्दही त्यांचा.

दवाखान्यांचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. केसपेपर, रिपोर्ट, औषधांच्या नोंदी. अठरा वर्षं मी हेच लिहितेय. लिहीत होते.

८ जुलै, मंगळवार

दिवसभरात एक ओळसुद्धा लिहिली नाही. तरी आठवड्याचं काम संपलं.

१४ जुलै, सोमवार

सरांनी सगळ्यांना ऑनलाइन कोर्स करायला लावला. सहा तासांचा. नेमका प्रश्न कसा विचारावा, मोठ्या कामाचे तुकडे कसे पाडावेत, आलेल्या उत्तरावर शंका कशी घ्यावी. ऐकताना सगळं पटतं. शेवटी दहा प्रश्न, दहाही बरोबर. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं नाव चुकीचं छापलेलं — "रत्नमला". म्हणजे शंका कुणीच घेतली नाही!

वैदेहीला हे सगळं पाण्यासारखं जमतं. सव्वीस वर्षांची पोरगी, दोन वर्षं झाली लागून. एका वेळी तीन कामं मशीनला सांगून ठेवते आणि मधल्या वेळात कानात गाणी. तिला स्वतःला किती येतं, देव जाणे. नुसती बटणं दाबणारी, असं मनात येतं. मग स्वतःची लाज वाटते. आणि परत तेच येतं.

घरी आले तर बाबा ओट्यावर बसलेले. विचारलं, "तुझं नेमकं काम काय गं आता?"

म्हटलं, "दुसऱ्यानं लिहिलेलं तपासायचं."

बाबांनी तीस वर्षं रेल्वेत गँगमनचं काम केलं. हातोडी घेऊन इथल्याच रुळांवरून चालले. म्हणाले, "अवघड हाय मग. रूळ टाकताना डुलकी येत नाय. तपासत चालताना येते."

२० जुलै, रविवार

मुद्दाम बसले. कॉलेजात पोरांना पहिल्या वर्षी देतात तसलं प्रोग्रॅमिंगचं एक साधं गणित घेतलं, मशीनला हात न लावता सोडवायचं ठरवलं. तिसऱ्या ओळीला अडले. पुढं काय ते माहीत होतं, पण हात थांबला. कुणीतरी उरलेलं पुरं करेल याची वाट बघत होता!

दोनच आठवड्यांत? अठरा वर्षं एवढी पातळ होती?

२४ जुलै, गुरुवार

आज त्रेचाळीस बदल तपासले. प्रत्येकाखाली हिरवं बटण — अप्रूव्ह. पहिले दहा वाचले. पुढचे पंधरा चाळले. त्यापुढचे नुसते बघितले. सगळे बरोबर दिसतात. तोच तर त्रास आहे. माणसानं चूक केली की कोड अडखळतो, वळणं घेतो, कुठंतरी त्याचा घाम दिसतो. हे सगळं कसं इस्त्री केलेलं. संशय घ्यायचा तरी कुठं?

मध्येच मशीन थांबून प्रश्न विचारतं. असं करू की तसं? दिवसातून वीस-पंचवीस वेळा. तेही संपवायचं, कारण सरांच्या स्क्रीनवर दिसतं कुणाकडं किती अडलंय ते.

२८ जुलै, सोमवार

एक मोठं काम हातावेगळं झालं. शहरातला ट्रस्टचा दवाखाना आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची तक्रार होती की एकाच पेशंटची तीन-तीन कार्डं निघालीत, ती एक करून द्या. एकसष्ट हजार नोंदी. पूर्वी याला मी तीन आठवडे मागितले असते. आज दुपारी एका बैठकीत! मी सांगितलं, मशीननं लिहिलं, मी तपासलं, पाच वाजता वैदेहीनं ते दवाखान्याच्या खऱ्या नोंदींवर चालवलं.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा. मॅडमचा अनुभव आणि मशीनचा वेग."

बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं.

११ ऑगस्ट, सोमवार

दवाखान्यातून फोन. नोंदींत घोटाळा झालाय. फुलंब्रीकडच्या एक बाई, मुक्ताबाई जाधव, गेल्या दोन वर्षांपासून त्यांच्याकडं येतात. किडन्या कमजोर आहेत. त्यांच्या केसपेपरवर लाल अक्षरांत नोंद होती की दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. ३० जुलैला त्या गुडघे धरले म्हणून आल्या. डॉक्टर नवीन. त्यांना स्क्रीनवर लाल नोंद दिसलीच नाही, किडनीचा रिपोर्ट अगदी चांगला दिसला. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या.

काल त्यांना अॅडमिट केलं. डायलिसिस सुरू केलंय.

तो चांगला रिपोर्ट त्यांचा नव्हताच. दुसऱ्या मुक्ताबाई जाधवांचा होता. त्या खुलताबादच्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कोड उघडून बसले. सहा ओळी. किती स्वच्छ! नाव आणि आडनाव सारखं, जन्मतारीख सारखी — तर माणूस एक. दोन नोंदींत जी नवी ती ठेवा. मधलं नाव सोडून दिलेलं, कारण ते कधी नुसत्या आद्याक्षरानं लिहितात, कधी लिहीतच नाहीत.

फुलंब्रीच्या मुक्ताबाई — १ जून १९५६.

खुलताबादच्या मुक्ताबाई — १ जून १९५६.

माझ्या बाबांची जन्मतारीख १ जून. आत्याची १ जून. आमच्या गल्लीत साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा. खरी तारीख कुणाला ठाऊक होती? शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी टाकली ती. जी बाई शाळेतच गेली नाही तिची पुढं कुठल्यातरी कागदावर, कुणातरी कारकुनानं टाकली. अख्ख्या मराठवाड्यातली म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत!

मोजलं. एकसष्ट हजारांत अकरा हजार चारशे माणसं १ जूनची.

मशीनला हे कुठून कळणार? मला कळत होतं. हे कळायला कोर्स लागत नाही, आमच्या मुकुंदवाडीत वाढावं लागतं. तेवढंच तर माझ्याकडं होतं, ज्याच्यासाठी मला ठेवलं असेल. आणि मी हिरवं बटण दाबलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सरांच्या केबिनमध्ये मी आणि वैदेही.

सर म्हणाले, "दवाखान्याला मी सांगितलंय की मशीनची चूक झाली, आम्ही दुरुस्त करतोय. पण त्यांना एक नाव लागतं. खऱ्या नोंदींवर चालवलं कुणी?"

वैदेही म्हणाली, "मी."

"आधी थोड्या नोंदींवर करून बघितलं होतं?"

"नाही सर. मॅडमनी अप्रूव्ह केलं होतं म्हणून..." एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडं बघितलंही नाही.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. सर मला हातानं थांबवत म्हणाले, "मॅडम, दुरुस्तीला तुम्ही लागणार आहात. तुम्ही यात पडू नका."

मी पडले नाही.

टेबलाचा खण रिकामा करून जाताना वैदेहीनं खुर्ची आत सारली. "येते मॅडम," म्हणाली.

१८ ऑगस्ट, सोमवार

एक जूनवाल्यांत दोनशे बारा ठिकाणी दोन नोंदींची एक झालीय. त्यातल्या किती खरोखर एकाच माणसाच्या, किती नाहीत, हे कागदावरून कळत नाही. मशीनला विचारलं तर ते शक्यता सांगतं. मला आता शक्यता नकोत. यादी काढली आणि फोन लावायला बसले.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवसांत एकसष्ट फोन. घसा बसलाय. आज एक सरूबाई भेटल्या फोनवर. विचारलं, "आजी, तुमची जन्मतारीख एक जूनच का?"

"आता म्या काय तवा तारीख बघत व्हते व्हय?" आणि हसल्या. "मोठ्या दुष्काळाच्या साली मी पाच-सहा वर्षांची आसंल, आसं माय म्हनायची. तारीख कार्डावाल्या पोरानं टाकली. काहून? चुकली का काय?"

"नाही आजी. बरोबर आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या."

गाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, कसलं ऑपरेशन झालं ते विचारलं. चार मिनिटांत दोन सरूबाई वेगळ्या झाल्या. अठरा वर्षांत एकाही पेशंटशी मी बोलले नव्हते. माझ्यासाठी ती माणसं म्हणजे रकाने होते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दोनशे बारा संपल्या. एकशे चाळीस खऱ्याच एकाच्या होत्या. बहात्तर ठिकाणी दोन वेगळी माणसं. बाकी कुणाला इजा झालेली नाही. निदान तसं दिसतं.

मुक्ताबाईंच्या किडन्या परत काम करतील का, यावर डॉक्टर म्हणाले, "बघू." त्यांच्या आवाजात काही बघण्यासारखं उरलेलं नव्हतं.

३० ऑगस्ट, शनिवार

दवाखान्यात गेले. सरांना सांगितलं, नोंदी प्रत्यक्ष पडताळायच्या आहेत. खोटं. मला त्यांना बघायचं होतं.

डायलिसिसच्या खोलीला काचेचं दार आहे. मुक्ताबाई लहानशा, हिरवं लुगडं, डोळे मिटलेले. हात मशीनला जोडलेला. हाताला गोंदण होतं, त्याच्याच वर चिकटपट्टी. बाहेर बाकावर त्यांचा मुलगा पुंडलिक. माझ्याच वयाचा असेल. घरी सोडलंय आईला, पण आठवड्यातून दोनदा गावाहून आणतो.

म्हटलं, "मी ते कॉम्प्युटरचं करतात ना, त्या कंपनीतली."

तो उठून उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. त्यानं बाकावरची पिशवी उचलून मला जागा करून दिली!

"साहेब म्हनले मशीनची चूक झाली," तो म्हणाला. "आता मशीनला काय बोलावं मानसानं? भांडावं तरी कुनाशी?"

मी म्हणायला हवं होतं, माझ्याशी. एवढंच. एक शब्द.

मी म्हटलं, "हो ना."

बाहेर आले तर स्कुटी सुरू होईना. किल्ली उलटी घातली होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

सरांनी मला नवं पद दिलंय — गुणवत्ता प्रमुख. आणि पहिलं काम, एका इंजिनिअरिंग कॉलेजात भाषण. विषय: एआयच्या काळात सॉफ्टवेअर डेव्हलपरला कोणती कौशल्यं लागतील. मला! माझ्याकडून!

शंभरेक पोरं-पोरी. पडद्यावर यादी लावली — स्पष्ट सांगता येणं, तपासता येणं, पाया पक्का असणं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे सगळं तोही करणारच ना उद्या? मग आम्ही नेमकं शिकायचं काय?" सगळे हसले. ती नव्हती हसत.

मी यादी बंद केली. म्हटलं, "आज घरी गेल्यावर आजीला विचारा, तुझी जन्मतारीख काय." मग एक जूनची गोष्ट सांगितली. नावं न घेता. म्हटलं, मशीनकडं सगळं आहे, पण तुमचं गाव त्याला ठाऊक नाही. ते तुम्ही घेऊन यायचं. तिथंच तुमची गरज आहे.

टाळ्या पडल्या. ती मुलगी वहीत लिहून घेत होती. तिनं विचारलं, "मग ज्यांनी ते तपासलं नाही, त्या डेव्हलपरचं काय झालं?"

म्हटलं, "तिला काढलं."

कॉलेजच्या फाटकापर्यंत कशी आले आठवत नाही. वैदेहीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. बंद!

१६ सप्टेंबर, मंगळवार

मुक्ताबाई गेल्या. सकाळी सहा वाजता, घरीच. पुंडलिकनं मला स्वतः फोन करून कळवलं. दवाखान्याला लावायचा तो चुकून तुम्हाला लागला, असं म्हणाला. नंबर मीच त्याला त्या दिवशी बाकावर दिला होता.

१७ सप्टेंबर, बुधवार

सुट्टी. बाबांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. वैदेहीचंही.

त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आमच्यात गाडी घसरली की पहिला सवाल एकच आसायचा. ह्या पट्ट्यात ड्युटी कुनाची? मानूस पुढं यायचा. मार खायचा, पर यायचा." मग पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "लिहून दे, रत्ना."

१८ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्याला द्यायचं निवेदन लिहायला घेतलं. ठरवलं की सगळं पुराव्यानिशी द्यायचं. मशीन कुठं चुकलं, मी कुठं चुकले, वैदेहीचा दोष किती कमी. त्यासाठी २८ जुलैचं माझं आणि मशीनचं पूर्ण संभाषण काढलं. महिनाभर कोड बघत होते, पण संभाषण उघडलंच नव्हतं. त्यात काय बघायचं!

३ वाजून ५२ मिनिटं. मशीन थांबलंय आणि विचारतंय. इंग्रजीत आहे, जसं आहे तसं मराठीत मांडते —

"या नोंदींमध्ये बऱ्याच वयस्कर रुग्णांची जन्मतारीख १ जून आहे. ती अंदाजे लिहिलेली असावी. केवळ नाव आणि जन्मतारखेवर जुळवल्यास दोन वेगळी माणसं एक होण्याचा धोका आहे. वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि गावही जुळवू का? त्यामुळं सुमारे दोनशे नोंदी माणसानं हातानं तपासाव्या लागतील."

खाली माझं उत्तर. ३ वाजून ५२ मिनिटं. तेच मिनिट.

"गरज नाही. पुढे जा."

मला हे आठवत नाही. अजिबात आठवत नाही. त्या दिवशीच्या वीस-पंचवीस प्रश्नांतला एक. मी तो वाचलाही नसणार. शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं आणि बोटं चालली.

त्याला ठाऊक होतं. माझं गाव, माझे बाबा, माझी आत्या — त्याला दिसलं होतं. मुकुंदवाडीत न वाढता. त्यानं मला विचारलं होतं. आणि शंभर पोरांसमोर मी काय सांगून आले!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

निवेदन दवाखान्याला दिलं. संभाषण जोडलं, नाव लिहिलं, सही केली. एक प्रत सरांच्या टेबलावर. सरांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, हे कुणी मागितलं होतं का तुमच्याकडं?"

"नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. कॉलेजातल्या त्या मुलीचं नाव मिळालं तर तिलाही लिहायचंय. मी सांगितलेलं खोटं होतं हे तिच्या वहीत कोण खोडणार?

वैदेहीचा फोन अजून बंद.

२१ सप्टेंबर, रविवार

फुलंब्रीपर्यंत एसटी, तिथून रिक्षा. पुंडलिकच्या दारात उभी राहूनच सगळं सांगितलं. माझं उत्तर, शब्द न् शब्द.

तो म्हणाला, "गनपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी एक पोरगी आली व्हती. वैदेही का काय नाव. म्हनली बटन म्या दाबलं, चूक माझी हाय. लई रडली. आईनं तिला जवळ बसवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हनली, जाऊ दे बाई, जेवून जा. तवा आईला अन्न जात नव्हतं, तरी तिच्यासंगं दोन घास खाल्ले."

मुक्ताबाईंनी माफ केलं होतं. मला नाही. तिला.